सोमाजी भाऊच्या हातचा प्याला

सोमाजी भाऊ,

तुह्या मयतीत पास्टर जे बोलले त्यातलं अर्धं खोटं होतं. वाईट वाटून घेऊ नको, माणूस चांगल्या मनानंच बोलून राह्यला होता. पण "आपला बंधू सोमाजी शांत, नम्र अन् कमी बोलणारा होता" असं ते म्हणले, अन् शांताबाईनं माह्याकडं पाह्यलं, मी तिच्याकडं पाह्यलं, अन् मयतीत हसू फुटू नये म्हणून दोघींनीबी पदर तोंडात कोंबला. कमी बोलणारा म्हणे! अरे, तू बैलाशीबी भांडे. चुलीत लाकूड नाई पेटलं तं लाकडाले शिव्या दे. येशूच्या विश्वासात आल्यावर शिव्या सोडल्या अन् त्याच्या जागी "देवा, ह्या लाकडाले बुद्धी दे" म्हणाले लागला, एवढाच काय तो फरक.

येत्या रविवारी तुह्या नावानं आभाराची प्रार्थना आहे. शांताबाई म्हणाली, "यशोदा, तू सातवी शिकली, अंगणवाडीत लिहिणं-वाचणं करते, तूच दोन शब्द लिहून आण." लिहाले बसली तं चारचौघात वाचता येईन असं एकबी सुचून नाई राह्यलं, अन् जे सुचून राह्यलं ते फक्त तुलेच सांगण्यासारखं आहे. म्हणून हे तुले. रविवारी मी उभी राहीन, एक गाणं म्हणीन अन् खाली बसीन. शांताबाई डोळे वटारन, वटारू दे.

तुह्याशी माहं नातं काय होतं, हे कोणी इचारलं तं मले एका शब्दात नाई सांगता येत. तू मले शेवटपर्यंत वैनी म्हणे. बाकी सगळे मंडळीत मले "बहीण यशोदा" म्हणत, पण तुह्या तोंडात वैनीच बसलं होतं, काऊन का तू मले पहिले ओळखला ते लक्ष्मणची बायको म्हणून. गावात तुहं घर म्हणजे मोहाच्या दारूचं घर. जिल्ह्यात बंदी, पण तुह्या घरामागच्या भट्टीचा धूर साऱ्या गावाले दिसे. माह्या घरचा माणूस तुह्या अंगणात बसे. सकाळी कामाले जातो म्हणून निघे, अन् संध्याकाळी तुह्या अंगणातून उचलून आणावा लागे. एका पावसाळ्यात तो तुह्याकडून निघाला अन् घरी पोचलाच नाई. सकाळी नाल्यात पालथा सापडला. पाणी पोटरीएवढंबी नव्हतं.

तेव्हा पोरगी लहान होती. रोवण्याचे दिवस, धानाच्या बांधीत चिखल तयार, लावाचे पऱ्हे वाढून राह्यले, अन् मी घरात भिंतीले टेकून बसलेली. शांताबाई चार बाया घेऊन आली, पदर खोचला अन् बांधीत उतरली. मी म्हटलं, "मजुरी द्याले माह्याजोळ काई नाई." ती म्हणाली, "मागतली कोणं?" गाणे म्हणत म्हणत त्यांनी माहा सारा रोवणा करून टाकला. त्या गाण्यात येशूचं नाव ये. मंग मी रविवारी तिच्या घरी जाऊ लागली. तिथी मूर्ती नव्हती, फोटो नव्हता, एक लांब चटई अन् एक डफ. खरं सांगते भाऊ, मी पहिले देवासाठी नाई गेली. तिथी कोणी मले "तुहा नवरा कसा मेला वं?" असं इचारत नव्हतं, म्हणून गेली. देव मंग हळूहळू आला.

अन् एक-दोन वर्षांनी तू आला. दारात चपला काढल्या, अन् माणसांच्या बाजूले चटईच्या टोकावर बसला. मी डोळे मिटले. सगळ्यांले वाटलं असन, यशोदा किती मनापासून प्रार्थना करून राह्यली. मी देवाशी भांडत होती. म्हटलं, देवा, माणसं कमी पडली काय तुले? सारा कुरखेडा तालुका सोडून तुले हाच सापडला? मी ज्याच्या घरापासून पळून इथी आली, त्यालेच तू माह्यासमोर आणून बसवलं? काय म्हणावं तुले!

प्रार्थना झाली तशी मी पास्टरले आडवी गेली. म्हटलं, "तो राहीन नाईतं मी राहीन." पास्टर तेव्हा नवीन होते, कुरखेड्याहून फटफटीनं येत. त्यांनी डोकं खाजवलं. म्हणे, "बाई, दार माहं असतं तं मी लावून घेतलं असतं." मले त्यांचाबी राग आला. काही रविवार मी गेलीच नाई. मंग वाटलं, ह्याच्यापायी मी माही जागा काऊन सोडू? गेली. हट्टानं गेली. देवाच्या घरात माणूस हट्टानंबी जाते, अन् देव तेबी चालवून घेते, हे मले तेव्हापासून मालूम आहे.

पुढं कधीतरी मी तुले इचारलं होतं, तू काऊन आला म्हणून. मले वाटलं सांगशील, सपनात प्रकाश दिसला, आवाज आला. साक्ष देताना सगळे असंच काई सांगतात. तू म्हणला, "काई नाई वैनी. शांताबाईच्या घरावरून जाऊन राह्यलो होतो. गाणं चालू होतं. बसलो. मंग उठावं नाई वाटलं." बस. तुही साक्ष एवढीच. पास्टरले ती कमी वाटे, ते मोठ्या सभेत तुले उभंच नाई करत.

तू माफी मागाले आला, तो दिवस मले स्वच्छ आठवते. मी अंगणात धान पाखडत होती. तू कुंपणाबाहेरच थांबला. म्हणला, "वैनी, मी भट्टी फोडली." मी म्हटलं, "मालूम आहे. धूर नाई दिसून राह्यला." थोडा वेळ उभा राह्यला अन् म्हणला, "लक्ष्मणच्या बाबतीत मले माफ कर." मी सूप नाई थांबवलं. म्हटलं, "देवानं केलं असन तं केलं असन. मी देव नाई." तू म्हणला, "बरं." अन् गेला. रडला नाई, पाया पडला नाई, अन् पुन्हा कधी माफी मागतली नाई. मले वाटलं, सुटलो म्हणून गेला. मंग कित्येक वर्षं वाटे, याने अजून एकदा तरी मागाले पाह्यजे होती. मी दुसऱ्यांदाबी नाईच म्हटलं असतं, पण मागाले तं पाह्यजे होती ना!

एक गोष्ट तुले सांगाची राह्यली. प्रभूची प्रार्थना आपण सगळे मिळून म्हणतो, त्यात ती माफीची ओळ आहे, आम्ही दुसऱ्याले सोडलं तसं तू आम्हाले सोड, अशा अर्थाची. ती ओळ आली का मले खोकला ये. दर रविवारी. खोटं बोलाचं नाई म्हणून मी खोकून घेओ, अन् ओळ पुढं गेली का पुन्हा सुरात सूर मिसळो. तू माह्या मागच्या बाजूले बसे. एक दिवस प्रार्थना संपली अन् तू अडुळशाचा पाला घेऊन आला. म्हणला, "वैनी, खोकला बहुत जुना झाला तुहा. काढा करून घे." तुले समजलं होतं का तुले खरंच खोकला वाटला? तुह्या तोंडावरून काईच समजे नाई. काढा मी केला, प्यायली, कडू जहर होता. अन् खोकला काई गेला नाई.

आपलं खरं भांडण मोहाचं होतं. माह्या बांधीच्या कडेच्या धुऱ्यावर मोहाचं झाड आहे, लक्ष्मणच्या बापापासूनचं. गावात कोणतं झाड कोणाच्या घरचं हे ठरलेलं असते, दुसरं कोणी हात नाई लावत. तो गेल्यावर मी त्या झाडाखाली जाणंच सोडलं. उन्हाळ्याच्या तोंडी साऱ्या बाया टोपल्या घेऊन पहाटे मोह येचाले जात, अन् माह्या झाडाखाली फुलांचा सडा पडून कुजे. तो गोड वास घरात शिरे अन् माहं डोकं उठे. तू एकदा आला. म्हणला, "वैनी, मोह वायाले जाऊन राह्यले."

"जाऊ दे."

"फुलाचा काय गुन्हा?"

"फुलाचा नाई, तुहा आहे."

"अस्वल खाते, हरीण खाते, गाय खाते. कोणी झिंगून पडलं का?"

"अस्वलानं भट्टी नाई लावली अजून."

तू हसला. तुह्या हसण्याचा मले राग ये, काऊन का मंग मलेबी हसू ये. पण तुही गोष्ट तू सोडत नव्हता. म्हणे, आपल्या म्हाताऱ्या माणसांनी दुष्काळात मोह उकळून खाल्ले म्हणून आपण आज इथी आहो. झाड देवानं पोटासाठी दिलं, दारू आपण केली. मी म्हटलं, "मंग देताना देवाले मालूम नव्हतं काय, हे लोक याचं काय करतीन ते?" तू डोक्यावरचा दुपट्टा काढला, पुन्हा बांधला. म्हणला, "हे इचाराले पाह्यजे."

अन् बाप्पा, तू खरंच इचारलं! रविवारी उभा राहून, हात वर करून, साऱ्या मंडळीसमोर: "देवा, वैनी इचारून राह्यल्या का मोह बनवताना तुले मालूम होतं का नव्हतं. मलेबी जाणून घ्याचं आहे." मले जमीन दुभंगावी असं झालं. त्यानंतर तुले ती सवयच लागली. माहा जो काई राग असन, जी काई शंका असन, ती तू माह्या नावानिशी देवाजोळ पोचवे. पास्टर म्हणत, प्रार्थना म्हणजे स्तुती अन् विनंती. तुह्या प्रार्थनेत निम्मी माही तक्रार असे. मले लाज वाटे. पण आता एवढं कबूल करते का माह्या तोंडून जे देवासमोर कधीच निघालं नसतं, ते तुह्या तोंडून गेलं. याचे आभार मी तुले कधी नाई मानले. आता मानते.

आता त्या रविवारचं. तुले आठवत असनच, पण माह्या बाजूनं तू कधी ऐकलं नाई.

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे, येशूचं शरीर अन् रक्त म्हणून पोळीचा तुकडा अन् रसाचा घोट घ्याचा. पास्टर द्राक्षाच्या रसाची बाटली घेऊन येत, शांताबाई पोळी करे, अन् कप भरून तबकात मांडाचं काम तुले दिलं होतं. पास्टर बायांच्या बाजूनं वाटत, तू माणसांच्या बाजूनं. मी नेहमी अशी बसे का तुहं तबक माह्यापर्यंत येऊच नये. तुह्या हातचा प्याला मी कधी घेतला नव्हता, अन् घ्याचाबी नव्हता. त्या पावसाळ्यात वाटेतल्या नाल्यावरच्या रपट्यावरून पाणी चाललं होतं. पास्टर पलीकडं अडकले. त्यांनी फोनवर सांगतलं, "सोमाजी, आज तूच चालव." रसाची बाटली त्यांच्याजोळच राह्यली.

अन् तू काय केलं? तुह्या घरी मोहाची राब होती, फुलं उकळून आटवलेली, काकवीसारखी. त्यात दारूचा थेंब नाई, हे मलेबी मालूम आहे, आपल्याकडं लेकरं भाकरीसंग खातात. तू ती पाण्यात कालवली, फडक्यानं गाळली अन् कपात भरली. रंग अगदी द्राक्षाच्या रसासारखा. तुह्या मनात काईच वाईट नव्हतं. आपल्या जंगलात द्राक्षं कुठून येतीन? जे झाडावर होतं, ते तू आणलं. शहरातल्या माणसाले ही चूक करताच आली नसती, त्याच्याजोळ राबच नसती.

त्या दिवशी दोन्ही बाजू तूच वाटत होता. तबक माह्यासमोर आलं अन् वास आला. तोच वास. लक्ष्मणच्या सदऱ्याले येणारा, त्याच्या तोंडाले येणारा, त्याले नाल्यातून काढलं तेव्हाबी येणारा. मी उभी राह्यली. काय बोलली ते मी ठरवून नाई बोलली. म्हटलं, "सोमाजी, याच हातानं, याच फुलाचं, तू माह्या नवऱ्याले पाजलं. अन् आता मले येशूचं रक्त म्हणून पाजतं काय?"

टिनावर पाऊस वाजत होता. मले वाटलं, आता तू फुलाचा गुन्हा काय म्हणशील, अस्वल सांगशील. मी त्याचंबी उत्तर तयार ठेवलं होतं. तू तबकाकडं पाह्यलं, मंग माह्याकडं.  तू म्हणला, "वैनी बरोबर म्हणून राह्यली." बस, एवढंच. परसात गेला, सगळे कप ओतले, धुतले, अन् माठातलं पाणी भरून आणलं. म्हणला, "आज पाणी घेऊ. आपल्याजोळ काय आहे अन् काय नाई, ते देवाले मालूम आहे."

पुन्हा माह्यासमोर आला. तबक धरून थांबला. घे म्हणला नाई, नको घेऊ म्हणला नाई. पाणी कोणाच्या हातचं घ्यावं अन् कोणाच्या हातचं नाई, याच्यावरून या मुलखात काय काय झालं आहे ते सांगाले नको. मी मनाशी म्हटलं, पाणीच तं आहे, पाणी माणूस दुश्मनाच्या घरचंबी पिते. अन् घेतलं. घशाखाली उतरताना रडू आलं. का आलं, ते मले तेव्हा नाई समजलं. बाहेर आल्यावर शांताबाई म्हणाली, "येशूनं पाण्याचा द्राक्षारस केला, अन् आमच्या सोमाजीनं राबीचं पाणी केलं!" सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं तू हसला.

पूर उतरल्यावर पास्टर आले अन् दोघांलेबी बोलले. राब तं चूकच, पाणीबी चूक, थांबाले पाह्यजे होतं म्हणे. ते भोजन धरलं जाईन का नाई, याच्यावर मंडळीत बरेच दिवस काथ्याकूट झाला. तू म्हणला, "धरणारे पास्टर थोडेच आहेत." हे ते ऐकत होते बरं का मागं उभे राहून! पण ते हसले. तेबी चांगले माणूस आहेत, भाऊ. मयतीतलं भाषण सोडलं तं.

त्यानंतर मी तुह्या हातचा प्याला घेऊ लागली. मन बदललं, असं काई नाई. एकदा घेतल्यावर पुढच्या वेळी नाई म्हणाले कारण नाई सापडलं, एवढंच. लोक म्हणतात, कृपा विजेसारखी येते. माह्याकडं ती अशी आली. मी एकेक कारण शोधत राह्यली अन् कारणं संपत गेली.

मंग तुही तब्येत गेली. गडचिरोलीच्या दवाखान्यात डॉक्टरनं लिव्हर सांगतलं. पाजणारा तू, पिणाराबी होताच. तुही बायको कधीचीच वारलेली, दोन्ही पोरं गडचांदूरले सिमेंटच्या कामावर. ते न्याले आले, तू नाई गेला. म्हणला, "मले इथीच राहू द्या." मंडळीतल्या बायांनी पाळी लावून घेतली, रोज एकीनं पेज न्याची. मले कोणी जबरदस्ती नाई केली, अन् मले कोणी इचारलंबी नाई. शांताबाईनं सरळ सांगतलं, "गुरुवार तुहा." तशीच आहे ती.

त्या गुरुवारी गुरुवारी तुह्यात एक फरक पाह्यला. पहिले तुही प्रार्थना म्हणजे सारं गावपुराण. बैलाचा खूर, पोराची नोकरी, पास्टरची फटफटी, माह्या शंका. आता तू नुसतं "देवा" म्हणे अन् गप्प राहे. मले वाटे, विसरला का काय. एकदा म्हटलं, "पुढचं म्हण ना." तू म्हणला, "पुढचं त्याले मालूम आहे वैनी. पहिले लागे बोलाले. आता आम्ही नुसते बाजूबाजूले बसतो." मले तुहा हेवा वाटला. अजूनबी मी देवासंग अशी नाई बसू शकत, मले लगेच भांडण आठवते.

अन् शेवटचा गुरुवार. पेज अन् आंबाडीची चटणी आणली होती. तुले चटणी चालत नव्हती, पण वास घ्याले पाह्यजे म्हणे. अंग पिवळं पडलं होतं, पोट फुगलं होतं. माह्या मनात काय आलं कोण जाणे. इतक्या वर्षांचं पोटातलं बाहेर आलं.

मी म्हटलं, "एक सांग भाऊ. पाजणारा तू, पिणारा तो. तुले कृपा झाली. तू खाटेवर पडून पेज खाऊन राह्यला, बाया तुले गाणे म्हणून राह्यल्या. तो नाल्यात एकटा मेला, देवाचं नाव न घेता. तू गेला का सरळ वर जाशील. अन् तो? हा कोणता न्याय झाला?"

तू मंग म्हणला, "न्याय नाई वैनी. न्याय असता तं मी त्या नाल्यात असतो अन् तो इथी."

"मंग तो कुठी आहे?"

"मले नाई मालूम."

"पास्टर म्हणतात, जो विश्वास न ठेवता गेला..."

"पास्टरलेबी नाई मालूम," तू म्हणला. "माहीत असल्यासारखं बोलावं लागते त्याले. मी रोज इचारतो देवाले. सांगून नाई राह्यला."

तू रोज इचारत होता. लक्ष्मणचं नाव माह्या घरातबी कोणी घेत नव्हतं, अन् तू रोज घेत होता. मले काय बोलावं ते सुचेना, अन् काई सुचलं नाई का मले राग येते. मी म्हटलं, "इचारू नको. शोध. तिथी गेला का पहिले त्याले शोधजो. तूच त्याले अंगणात बसवलं होतं, तूच शोध. तो कुठं दिसला नाई तं गाणे म्हणत कोपऱ्यात बसू नको. तिथी जो कोणी मोठा असन त्याले सांगजो, यशोदानं पाठवलं आहे, त्याले घेतल्याशिवाय हलणार नाई म्हणून."

तुहा हात पेजेच्या वाटीवरच थांबला. तू माह्याकडं पाह्यलं, अन् त्या पिवळ्या तोंडावर हळूहळू हसू आलं. म्हणला, "वैनी, म्हणजे मी तिथी जाईन, असं तू म्हणून राह्यली?"

मी म्हटलं, "पेज थंडी होऊन राह्यली. खा."

तू हसला, हसता हसता तुले ठसका लागला, मी पाठ चोळली. तुह्या पाठीले मी कधी हात लावला नव्हता. नुसते हाड. घरी जाताना धुऱ्यावर मले समजलं, माह्या तोंडून काय निघून गेलं ते. पास्टरच्या भाषेत त्याले माफी म्हणतात काय, मले नाई मालूम. मी तुले माफ नाई केलं भाऊ, मी तुले कामाले लावलं. पण ज्याच्यावर भरवसा नाई, त्याले असं काम कोणी सांगते काय?

तू शांताबाईच्या पाळीत गेला. ती पेज गरम कराले आत गेली, बाहेर आली तं तू नव्हता. आपण जोळ नव्हतो म्हणून तिले अजून वाईट वाटून राह्यलं. मातीले सारं गाव आलं. जुन्या देवाची माणसं आली, त्यांनीच खड्डा खोदला. तुह्या अंगणात बसणारे आले, ते अजूनबी पितात, पण त्या दिवशी कोणी पिऊन नव्हतं आलं. प्रार्थनेत डोक्यावरचे दुपट्टे काढून उभे राह्यले. मी मूठभर माती टाकली. रडली. भावासाठी रडतात तशी रडली, लपवण्यासारखं त्यात काई नाई.

पास्टर म्हणतात, गेलेल्या माणसासाठी प्रार्थना नाई कराची. बरं, मी प्रार्थना नाई करून राह्यली. मी फक्त इचारून राह्यली, गावाले पाठवलेल्या माणसाले इचारतात तसं. सापडला काय भाऊ? सापडला असन तं त्याले सांग, पोरगी मोठी झाली, लग्न झालं, जावई चांगला आहे. सांग का यशोदाचा राग गेला, त्याच्यावरचाबी अन् तुह्यावरचाबी. अन् नाई सापडला असन तं थकू नको, बसू नको, कोणी नाई म्हटलं तरी माघारी फिरू नको. शोधत राह्य. तिथी त्याले तोंडानं ओळखणारं माहं माणूस तू एकटाच आहे.